आपोई: फुलांसाठी एका दिवसाची चढाई

श्रोतेहो, नमस्कार.

जपानमध्ये फुलांचे डोंगर म्हटलं की अडीच-तीन हजार मीटरची शिखरं डोळ्यांपुढे येतात. आजचा डोंगर आहे अवघ्या 810 मीटरचा. नाव आपोई. होक्काइदो बेटाच्या दक्षिण भागात, सामानी या गावाजवळ, पॅसिफिक महासागराच्या अगदी जवळ तो उभा आहे. एवढ्याशा उंचीवर इथे उंच पर्वतांवरची फुलं उमलतात, आणि त्यांतल्या काही जाती आपोई आणि आसपासचा परिसर सोडून जगात कुठेच नाहीत. इथल्या वनस्पतींना 1952 मध्ये जपान सरकारने विशेष नैसर्गिक वारशाचा दर्जा दिला.

याचं कारण पायाखालीच आहे. आपोईचा खडक म्हणजे पेरिडोटाइट. पृथ्वीच्या कवचाखालच्या प्रावरणातून वर ढकलला गेलेला. बाहेरून गंजल्यासारखा तपकिरी, फोडला की आतून हिरवट. त्यात मॅग्नेशियम आणि निकेल भरपूर, कॅल्शियम अगदी कमी. मातीचा थर पातळ. मोठ्या झाडांना असली जमीन मानवत नाही. कासच्या पठारावर जांभ्यावरच्या पातळ मातीमुळे फुलांना मोकळं रान मिळतं, तसंच इथे, फक्त खडक निराळा. शिवाय उन्हाळ्यात थंड समुद्रावरून धुकं येतं आणि डोंगराला गार ठेवतं. म्हणून हिमयुगातल्या वनस्पती इथे तग धरून राहिल्या.

आता बेत कसा आखायचा? आधी फूल ठरवा, मग तारीख. हिदाकासो नावाचं पांढरं फूल पाहायचं असेल तर मे महिना. जून उजाडला की ते संपत आलेलं असतं. त्याच सुमारास गुलाबी सामानी-युकिवारी आणि डेझीसारखं आपोई-आझुमागिकु दिसतं. जूनच्या उत्तरार्धात पिवळ्या फुलांची पाळी, त्यात इथलंच एझो-कोझोरिना. ऑगस्टनंतर कातळाच्या फटींत मांसल पानांचं हिदाका-मिसेबाया गुलाबी फुलतं. एकाच फेरीत सगळं पाहू म्हणाल तर जमणार नाही. एकच फेरी करायची असेल, तर माझं मत मेच्या दुसऱ्या पंधरवड्याला.

प्रवासाकडे नीट लक्ष द्या. जुन्या माहितीत सामानीपर्यंत रेल्वे दाखवलेली असते. ती 1 एप्रिल 2021 पासून कायमची बंद झाली आहे. आता बस किंवा भाड्याची गाडी. होक्काइदोचं मुख्य शहर सप्पोरो, तिथून सकाळी निघून त्याच दिवशी चढून उतरणं म्हणजे नुसती धावपळ. आदल्या रात्री सामानीत किंवा पायथ्याशी मुक्काम करा आणि खाण्याचं सामानही आदल्याच दिवशी घ्या. शाकाहारी मंडळींनी विशेष काळजी घ्यावी, कारण दुकानातल्या भाताच्या गोळ्यांत मासा नाहीतर माशाचा अर्क बहुधा असतोच. चिक्की, चिवडा, गूळपोळी बरोबर असली की प्रश्न मिटतो.

जूनच्या सुमारास तिथे पहाटे चारला उजाडतं, पण लगेच चालायला लागू नका. हे तपकिरी अस्वलांचं रान आहे, आणि पहाट व संध्याकाळ ही त्यांच्या वावराची वेळ. सहा-सातला निघा. पाठीवरच्या पिशवीला घंटी बांधा, बोलत चाला, खाल्लेल्याचा कणही मागे ठेवू नका. अस्वलावर मारायचा फवारा विमानात नेता येत नाही, हातातल्या सामानातही नाही आणि खाली दिलेल्या सामानातही नाही. हवा असेल तर होक्काइदोत उतरल्यावरच मिळवा.

पायथ्याशी माहिती केंद्र आहे. तिथल्या वहीत नाव आणि वेळ लिहा, बुटांचे तळवे ब्रशने घासा. तळव्याला चिकटून आलेलं परकं बी वर रुजलं, तर या दुर्मीळ फुलांची जागा जाते.

पाणी खालूनच न्या, माणशी दीड ते दोन लिटर. वाटेतल्या ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी पिऊ नका. कोल्ह्यांच्या विष्ठेतून एकिनोकॉकस नावाच्या कृमीची अंडी पाण्यात येतात. पोटात गेली की यकृतात गाठी होतात, आणि हे कळायला कित्येक वर्षं लागू शकतात.

वाटेवर टप्प्याटप्प्याने क्रमांकाच्या पाट्या आहेत. पाचव्या टप्प्यापर्यंत झाडीतून चढ, साधारण दीड तास. तिथे विसाव्याची झोपडी आहे. तिथून वर झाडी संपते, कातळ सुरू होतो आणि खरी फुलं इथूनच. पुढे उमानोसे नावाची उघडी धार येते. खाली हवा शांत असली तरी धारेवर वारा झोंबतो, म्हणून वाऱ्याचं जाकीट पाचव्या टप्प्यावरच अंगात घाला. धुक्याने ओला झालेला हा खडक फार निसरडा होतो. बहुतेक जण घसरतात ते उतरताना, पाय दमलेले असताना. काठ्या वापरत असाल तर टोकांना रबरी टोप्या लावा, नाहीतर कातळाच्या कडेची माती उकरली जाते.

शिखराचा अट्टहास नको, हे मुद्दाम सांगतो. आपोईच्या माथ्यावर भूर्जाच्या जातीची झाडी आहे, त्यामुळे तिथून फारसं काही दिसत नाही. पलीकडचं होरोमानचं फुलांचं रान नकाशावर मोठ्या दिमाखात दाखवलेलं असतं, पण तिथे झाडंझुडपं माजल्यामुळे पूर्वीचा बहर उरलेला नाही. ढग खाली आले किंवा उशीर झाला, तर धारेवरूनच मागे फिरा. फुलांचा मोठा वाटा तोवर पाहून झालेला असतो. चढउतार मिळून पाच तास, आणि फुलांपाशी थांबायला आणखी दोन तास धरा. फोटोसाठी वाटेबाहेर एक पाऊलही टाकू नका. बोटभर उंचीचं रोप बुटाखाली गेलं की संपलं. हिदाकासो तर चोरट्यांनी उपटून नेल्यानेही घटलं आहे.

शेवटची गोष्ट गोचिडांची. अंगभर, फिकट रंगाचे कपडे घाला, पँट मोज्यात खोवा. खाली आल्यावर अंघोळीच्या वेळी काखा, जांघा, गुडघ्यामागची बाजू आणि कानांमागे नीट बघा. गोचीड रुतलेली असेल तर उपटू नका, दवाखान्यात काढून घ्या. आणि पुढच्या काही आठवड्यांत ताप आला किंवा अंगावर लाल चट्टा उठला, तर डॉक्टरांना होक्काइदोत गोचीड चावल्याचं आपणहून सांगा. पुण्या-मुंबईत परतल्यावर तापासाठी ते आधी डेंगी-मलेरियाच तपासतील.

नमस्कार.