मेंढपाळांवरचं आरोपपत्र

(दृश्य: दक्षिण इराकमधला कालवा, काठावर वेताचं रान)

इ.स.पू. ५९७. बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर यरुशलेमच्या राजाला, दरबाऱ्यांना, कारागिरांना धरून नेतो. त्या बंदिवानांतच पुढे संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा, म्हणून गाजलेला यहेज्केल नावाचा याजक आहे. खबार कालव्याकाठी तेल-अबीब नावाची वस्ती, तिथे त्याचं बिऱ्हाड. काही वर्षांनी यरुशलेमहून एक माणूस तिथे येऊन सांगतो, "नगर पडलं."

बायबलातल्या यहेज्केलाच्या ग्रंथात ही बातमी तेहेतिसाव्या अध्यायात येते. चौतिसाव्यात राग निघतो, तो बाबेलवर नव्हे, तर आपल्याच राज्यकर्त्यांवर, त्यांना मेंढपाळ म्हणत. चरबी तुम्ही खाता, लोकर तुम्ही पांघरता, पोसलेलं मेंढरू तुम्ही कापता. मग कळपाला चारतं कोण? दुबळ्याला बळ दिलं नाही, आजाऱ्याला बरं केलं नाही, मोडल्याला पट्टी बांधली नाही, हरवल्याला शोधलं नाही. कुंपणानंच शेत खाल्लं!

(दृश्य: लूव्र संग्रहालयातला हम्मुराबीचा काळा शिलास्तंभ)

राजाला मेंढपाळ म्हणायची रीत मात्र जुनीच. यहेज्केलाच्या हजारभर वर्षं आधी बाबेलचा राजा हम्मुराबी यानं या दगडावर स्वतःला मेंढपाळ म्हणवून घेतलं होतं. पण याच दगडावर खऱ्याखुऱ्या मेंढपाळासाठीही कायदा आहे: सिंहानं जनावर मारलं तर नुकसान मालकाचं, हयगयीनं गेलं तर भरपाई राखणाऱ्याची. इस्राएलातही जनावर फाडलं गेलं तर पुरावा दाखवावा लागे. तकोवा गावच्या मेंढपाळांतला संदेष्टा आमोस म्हणूनच सिंहाच्या जबड्यातून ओढून काढलेल्या दोन तंगड्या किंवा कानाच्या तुकड्याबद्दल बोलतो. मालकाला दाखवायला तेवढंच उरलेलं असतं.

संदेष्ट्यांनी राजांना नेमकं इथंच गाठलं. मेंढपाळ म्हणवता ना? मग कळप तुमचा नाही, तुम्ही राखणीला ठेवलेले. यहेज्केलाच्या त्या अध्यायात परमेश्वर पुन्हा पुन्हा म्हणतो: माझी मेंढरं, माझी मेंढरं. आणि शेवटी राखणदारांना कामावरून काढून स्वतःच शोधायला निघतो.

संदेष्टा यिर्मया ज्याला फटकारतो, तो यरुशलेमचा राजा यहोयाकीम तर मजुरी बुडवून वाडा बांधत होता. मोठ्या खिडक्या, गंधसरूची तक्तपोशी, वर हिंगुळाचा लाल रंग.

प्रवचनांतून बहुधा एवढंच ऐकू येतं. यहेज्केलाच्या त्या अध्यायाचा पुढचा भाग अधिक झोंबणारा आहे, कारण तिथे राजे नाहीत, मेंढरंच आहेत. धष्टपुष्ट मेंढरं चांगला चारा खातात आणि उरलेला तुडवतात. स्वच्छ पाणी पितात आणि बाकीचं पायांनी गढूळ करतात. अशक्तांना खांद्यानं रेटतात, शिंगांनी ढुशा देत बाहेर हाकलतात. न्याय मेंढरामेंढरांतही होणार, असं यहेज्केल बजावतो.

(दृश्य: इराणमधलं पसर्गदे, राजा कोरेशाची कबर)

एकच मेंढपाळ येईल, जुन्या दावीद राजाच्या नावाचा, असं वचन यहेज्केल देतो. पण इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल जिंकून बंदिवानांना घरची वाट मोकळी केली ती पारसाच्या (इराणच्या) राजा कोरेशानं. आणि यशयाच्या ग्रंथात परमेश्वर या परक्या राजाला म्हणतो: "माझा मेंढपाळ."