बॅटल क्रीकच्या वॉर्डातले तिघे

नमस्कार मंडळी. फराळाची ताटं अजून हातात आहेत, तरी दहा मिनिटं मागून घेतो.

11 नोव्हेंबरला अमेरिका हा आपला देश माजी सैनिकांची आठवण काढतो. आपल्यापैकी बहुतेकांचा त्या दिवसाशी संबंध एवढाच, की ऑफिसला सुट्टी आहे की नाही. पण तो संबंध आपल्या थेट घरापर्यंत येतो, आणि तेच सांगायला मी उभा आहे.

डेट्रॉइटहून शिकागोकडे निघालं की वाटेत बॅटल क्रीक लागतं. कॉर्नफ्लेक्सवाल्या केलॉगचं गाव. थोरले केलॉग डॉक्टर होते, त्यांच्या सॅनिटोरियमची मोठी इमारत तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने ती विकत घेऊन पर्सी जोन्स रुग्णालय उघडलं. हात-पाय गमावलेले जवान हजारोंनी इथे येत. त्यांतले तिघे पुढे अमेरिकेच्या सिनेटमध्ये गेले.

पहिला डॅनियल इनोये. होनोलुलूचा, जपानी आईबापांचा मुलगा. पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा वय 17. रेड क्रॉसचं प्रथमोपचाराचं शिक्षण झालेलं, म्हणून त्याच दिवशी तो जखमींच्या मदतीला धावला. त्याला सर्जन व्हायचं होतं. पण सरकारदरबारी त्याच्यासारखे तरुण ‘शत्रू परकीय’ ठरले, आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे एक लाखाहून जास्त जपानी वंशाचे लोक घरदार सोडायला लावून छावण्यांत डांबले गेले. 1943 मध्ये या मुलांना सैन्यात यायची मुभा मिळाली, तसा डॅनियल कॉलेज सोडून भरती झाला. निरोप देताना वडिलांनी एवढंच बजावलं, की या देशाचं आपल्यावर ऋण आहे, घराण्याच्या नावाला बट्टा लागेल असं वागू नकोस.

21 एप्रिल 1945. इटलीतली एक टेकडी, वर जर्मन मशीनगन. पोटात गोळी लागलेली असताना इनोये पुढे सरकत होता. ग्रेनेड फेकायला उजवा हात मागे नेला आणि जर्मन गोळ्याने तो हात कोपराजवळ जवळजवळ तोडला. पिन काढलेला जिवंत ग्रेनेड त्या लोंबत्या हाताच्या मुठीत तसाच. त्याने सोबत्यांना लांब राहायला ओरडून सांगितलं, डाव्या हाताने ती मूठ उकलली आणि ग्रेनेड फेकला. युरोपातलं युद्ध संपायला तीन आठवडेसुद्धा उरले नव्हते.

सर्जन होणं तिथेच संपलं. घरी परतताना अंगावर गणवेश, छातीवर पदकं आणि हाताच्या जागी लोखंडी आकडा, अशा अवस्थेत तो कॅलिफोर्नियात केस कापायला गेला. तेव्हा न्हाव्याने सांगितलं, आम्ही जपान्यांचे केस कापत नाही. हे वाचताना माझा आजही संताप होतो. सर्वोच्च शौर्यपदक, मेडल ऑफ ऑनर, त्याला 2000 साली मिळालं. 55 वर्षांनी!

दुसरा कॅन्सासचा बॉब डोल. इनोयेच्या आधी आठवडाभर, इटलीतच जखमी. उजवा हात कायमचा निकामी. शस्त्रक्रियेसाठी गावकऱ्यांनी औषधाच्या दुकानात सिगारचं खोकं ठेवून पैसे जमवले, आणि शिकागोतल्या डॉ. केलिकियन या आर्मेनियन स्थलांतरित सर्जनने फी घेतली नाही. डोल आयुष्यभर त्या उजव्या मुठीत पेन धरून वावरले आणि शेकहँडला डावा हात पुढे करत. वॉर्डात त्यांनी इनोयेला आपला पुढचा बेत सांगितला होता: आधी सरकारी वकील, मग विधिमंडळ, मग काँग्रेस, म्हणजे इथली संसद. इनोयेने तोच रस्ता धरला, आणि 1959 मध्ये आधी पोहोचला तोच!

डिसेंबर 2012 मध्ये इनोये गेले. कॅपिटॉलच्या, म्हणजे संसद भवनाच्या, घुमटाखाली शवपेटी ठेवली होती. 89 वर्षांचे डोल व्हीलचेअरवर आले. डॅनीने मला खुर्चीत बघू नये, म्हणून ते आधार घेत उठले, चालत गेले आणि डाव्या हाताने सॅल्यूट केला.

तिसरे आपल्या मिशिगनचे फिलिप हार्ट. 6 जून 1944 ला नॉर्मंडीच्या यूटा किनाऱ्यावर जखमी झाले. उपचार इथेच, बॅटल क्रीकला. पुढे आपलेच सिनेटर.

त्यांचं नाव आपल्या घरोघरी माहीत असायला हवं होतं. 1946 च्या कायद्याने भारतातून वर्षाला फक्त 100 जणांना इथे स्थायिक व्हायला वाव होता. अख्ख्या भारतातून 100! देशवार वाटणीची ती पद्धत मोडणारं विधेयक सिनेटमध्ये हार्ट यांनी मांडलं आणि प्रतिनिधिगृहात खासदार सेलर यांनी. 3 ऑक्टोबर 1965 ला त्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली. आपली ज्येष्ठ मंडळी आठ डॉलर खिशात घालून आली म्हणतो ना, ती या कायद्याने आली.

माझे बाबा 1969 चे. त्यांच्या फायलीत पिवळा पडलेला कागद आहे, त्यावर ‘थर्ड प्रेफरन्स’ लिहिलंय. इंजिनियर, डॉक्टर त्या रांगेतून येत. हार्ट हे नाव मात्र त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

मागच्या महिन्यात मी त्यांना बॅटल क्रीकला घेऊन गेलो. आता तिथे केंद्र सरकारची कार्यालयं आहेत, आणि 2003 पासून इमारतीला तिघांची नावं आहेत: हार्ट-डोल-इनोये. बाबांनी चष्मा पुसला आणि पहिलं नाव दोनदा वाचलं.