एका उसाचे तीन आकडे

(दृश्य: इंदापूर तालुका. उसाच्या बांधावर मोटारसायकल थांबते.)

कारखान्याचा चिटबॉय नोंद घ्यायला आलाय. लागणीची तारीख, जात, क्षेत्र. "सव्वा एकर धर," शेतकरी सांगतो. नोंद होते थोरल्या भावाच्या नावावर, कारण सभासद तो. सातबाऱ्यावर नावं तिघांची. ई-पीक पाहणीत, म्हणजे सातबाऱ्यावर पीक नोंदवायच्या सरकारी अ‍ॅपमध्ये, फोटो काढून पीक चढवलंय धाकट्यानं, आणि तेही हेक्टर-आरमध्ये. शिवाय पलीकडच्या कारखान्याकडेही एक नोंद देऊन ठेवलीय. तोड वेळेवर मिळाली नाही तर ऊस रानातच वाळायचा, मग काय करणार?

यात कुणी खोटं बोललेलं नाही. तरी पुण्यात पोचेपर्यंत या उसाचे तीन आकडे झालेले असतात.

(दृश्य: शिवाजीनगर, साखर संकुल.)

कारखान्यांच्या नोंदी येतात इथं, साखर आयुक्तालयात. ई-पीक पाहणीचं काम बघतात जमाबंदी आयुक्त. त्यांची कचेरी विधान भवनासमोर. पीकपेऱ्याचा आकडा कृषी आयुक्तालयाचा. तिन्ही कार्यालयं पुण्यातच. रिक्षानं निघालात तर एका सकाळीत तिन्हीकडे चहा होईल. आकड्यांची गाठ पडायला मात्र जास्त वेळ लागतो, कारण तिघांचं वर्षच वेगळं.

साखरेचा हंगाम १ ऑक्टोबरपासून. कृषी वर्ष जुलै ते जून. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं. आणि अर्थसंकल्पाला लागतो तो आकडा १ एप्रिलचा. आता यात आडसाली ऊस घाला: जुलै-ऑगस्टात लावायचा आणि १६ ते १८ महिने रानात उभा ठेवायचा. तो दोन कृषी वर्षांत दिसतो, गाळला जातो एकदाच. 'यंदाचा ऊस किती?' असं विचारलं की आधी ठरवावं लागतं, यंदाचा म्हणजे कुणाच्या यंदाचा.

हा नुसता कारकुनी घोळ नाही. २०२१-२२ च्या हंगामात महाराष्ट्रात विक्रमी साखर झाली, सुमारे १३७ लाख टन. पुढच्या हंगामाचा सुरुवातीचा अंदाज १३८ लाख टनांच्या आसपास होता. हाती आली साधारण १०५ लाख टन. सगळं खापर क्षेत्राच्या आकड्यावर फोडणं बरोबर नाही. पावसानं झोडपलं होतं, खोडव्याचा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या पिकाचा, एकरी उतारा पडला होता. पण निर्यातीला किती परवानगी द्यायची हे अशाच अंदाजांवर ठरतं, आणि अंदाज कुठे चुकला, क्षेत्रात की उताऱ्यात, हे शोधायला मुळात क्षेत्र तरी एक हवं.

(दृश्य: गोखले संस्थेची दगडी इमारत.)

गंमत म्हणजे आकडे आणि ऊस ही दोन्ही टोकं धरलेला माणूस पुण्यातलाच. गोखले संस्थेचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ १९४९ च्या राष्ट्रीय उत्पन्न समितीवर महालनोबिस आणि व्ही. के. आर. व्ही. राव यांच्याबरोबर होते, आणि प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्षही तेच.

पुढे दिल्लीत बरंच झालं. देशाच्या सांख्यिकी व्यवस्थेवरच्या रंगराजन आयोगाचा अहवाल २००१ मध्ये आला, २००६ पासून राष्ट्रीय सांख्यिकी आयोग काम करू लागला. जिल्ह्यात मात्र आकडे गोळा करायचं ओझं जिल्हा सांख्यिकी कार्यालयावर. खात्याखात्यांना पत्रं धाडायची, स्मरणपत्रं धाडायची आणि आलेला आकडा 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचना'त छापायचा, खाली 'आधार' म्हणून खात्याचं नाव.

आणि प्रश्न उसापुरता नाही. फुरसुंगी घ्या. २०११ च्या जनगणनेत हवेली तालुक्यात, २०१७ मध्ये पुणे महापालिकेत, २०२४ मध्ये उरुळी देवाचीसह पुन्हा बाहेर, स्वतंत्र नगरपरिषद. मधल्या काळात, २०२१ ला, आणखी २३ गावं पालिकेत आली. पालिकेचा दरडोई खर्च काढायचा तर भागायचं कितीनं? २०११ च्या ३१ लाख २४ हजारांनी, की आजच्या हद्दीतल्या माणसांनी? नवी मोजणी १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाची. तोवर जो तो आपापल्या अंदाजानं भागतोय.

(दृश्य: पुन्हा बांध. मोबाईलचा पडदा.)

उसाचं कोडं त्या मानानं सोपं आहे. साखर आयुक्तालयाचं 'महा-ऊस नोंदणी' अ‍ॅप २०२२ मध्ये आलं. ई-पीक पाहणी त्याच्या आदल्या वर्षीपासून राज्यभर सुरू आहे. एकाच मोबाईलवर दोन अ‍ॅप, जमीन तीच, गट नंबर तोच. गट नंबर आणि गावाचा संकेतांक दोन्हीकडे जुळवला, की दुबार नोंद आपोआप उघडी पडते. गाव नावानं ओळखत बसलात तर संपलंच: कात्रजजवळ आंबेगाव बुद्रुक, आंबेगाव खुर्द, आणि जिल्ह्याच्या उत्तरेला अख्खा आंबेगाव तालुका.

मग उरतं एवढंच ठरवायचं: उभा ऊस कोणत्या तारखेचा धरायचा, आडसाली कोणत्या हंगामात मांडायचा, खोडवा वेगळा दाखवायचा की नाही. नवं सर्वेक्षण नको, नवी भरती नको. एका बैठकीचं काम आहे. इतिवृत्तावर सह्या तेवढ्या तिन्ही खात्यांच्या लागतील.