कानामागचं डोकं

सातारा एसटी स्टँड. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसणारी एक मुलगी बाकावरच्या आजोबांचा चेहरा बाजूने वहीत उतरवतेय. स्मरणचित्रात माणसं काढावी लागतात, म्हणून हा सराव. कपाळ, नाक, हनुवटी झकास जमलीय. पण कानामागे बघा, डोकं जवळजवळ संपलंच!

बहुतेकांचं इथंच फसतं. सगळा जीव नाक-डोळ्यांत, कवटीला कागदावर जागाच उरत नाही.

आता नवं पान. आधी एक चौकोन. बाजूने पाहिलं तर कपाळापासून मागच्या फुगवट्यापर्यंतचं अंतर डोक्याच्या उंचीच्या जवळपास भरतं. हात ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिलीवर अंगठा सरकवत तिनं ते मोजूनच घेतलं. उंचीच्या बरोबर मध्यावर डोळा. पटत नाही ना? डोक्याचा केसांखालचा भाग आपण हिशेबात धरत नाही, म्हणून डोळे वर चढतात.

मग उभी मध्यरेषा. कान या रेषेच्या मागे; वरची कड भुवईच्या पातळीला, पाळी नाकाच्या बुडाशी, आणि सगळा कान जरासा मागे कललेला. तो जागेवर बसला की जबडा कुठून वळतो ते शोधावं लागत नाही.

चेहऱ्याचे तीन सारखे भाग: केसांपासून भुवई, भुवईपासून नाकाचं बूड, तिथून हनुवटी. विष्णुधर्मोत्तर पुराणातला चित्रकलेवरचा भाग, म्हणजे चित्रसूत्रही 12 अंगुळांचा चेहरा 4-4 अंगुळांत वाटतं. अर्थात हे सरासरी माप. समोरच्या आजोबांचं नाक त्याहून लांब असेल, तर लांबच काढायचं. ओळख तिथंच पटते.

जुन्या मराठा चित्रांतल्या एकचष्मी, म्हणजे बाजूने काढलेल्या चेहऱ्यांत डोळा मात्र अख्खा, समोरून पाहिल्यासारखा असतो. ती त्या शैलीची रीत. इथं आजोबांचा डोळा पाचरीसारखा दिसतोय, तसाच हवा.

राहिली टोपी. ती नुसती वर ठेवायची नाही. तिची कड कपाळावरून निघते, कानाच्या वरून जाते, मागे थोडी खाली उतरते. आत कवटी आहे हे त्या कडेवरून कळलं पाहिजे.

वाईची गाडी लागली, आजोबा उठले. बाकावर आता एक लहान पोर. इथं डोळे मध्याच्या खाली घ्यायचे, कपाळ मोठं ठेवायचं. तिनं नवा चौकोन आखलाय. पोर काही स्थिर बसत नाही.