शिंपी, शिंजीर आणि कपड्यांची तार

नमस्कार श्रोतेहो.

पाखरांच्या फोटोंबद्दल रेडिओवर बोलायचं म्हणजे पंचाईतच, दाखवणार काय? म्हणून आवाजापासून सुरुवात करते. सकाळी कुंपणातल्या जास्वंदीतून ‘टुविट-टुविट-टुविट’ असा खणखणीत आवाज येतो ना, तो शिंपी पक्ष्याचा. जीव जेमतेम 13 सेंटिमीटरचा, आवाज अख्ख्या आळीला पुरेल एवढा.

पूर्वी आवाज आला की मी कॅमेरा घेऊन धावायचे. फोटोत यायची फक्त हललेली फांदी. पुढे लक्षात आलं, पाखरामागे धावण्यापेक्षा त्याची बैठक हेरावी. आमच्याकडचा शिंजीर, म्हणजे फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी, जास्वंदीवर उतरण्याआधी हमखास कपडे वाळत घालायच्या तारेवर टेकतो. मी तारेपासून दहा फुटांवर स्टूल टाकलं, फोकस आधीच लावून ठेवला, शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर. ऊन मात्र आपल्या पाठीशी हवं. शिंजिराची ती निळी-जांभळी झळाळी पिसांच्या बारीक रचनेवर उजेड पडून उमटते. ऊन समोरून आलं, की हाच पक्षी नुसता काळा दिसतो. आणि फुलाच्या तोंडाशी कॅमेरा रोखून बसू नका. हा लबाड बऱ्याचदा जास्वंदीच्या बुडाशी भोक पाडून मध पळवतो!

घरट्याचा फोटो मात्र मी आता काढत नाही. शिंप्याची मादी चोचीनं पानांच्या कडांना भोकं पाडते, त्यातून कापूस नि कोळिष्टकाचे धागे ओवते आणि पानांचा द्रोण शिवते. एका वर्षी पिल्लं नीट दिसावीत म्हणून मी आडवं येणारं एक पान सुतळीनं मागे बांधलं. फोटो सुरेख आला. दुसऱ्या दिवशी सकाळी भारद्वाज त्या झुडपातून बाहेर पडताना दिसला. द्रोण रिकामा होता. मला दिसावं म्हणून जे उघडं केलं, ते त्यालाही दिसलं. तो फोटो मी कुणाला दाखवलेला नाही.

यंदा पेरूची दोन पानं शिवली गेली आहेत. मी त्या बाजूला फिरकत नाही, स्टूल तारेपाशीच असतं. शिंजिरासाठी तार मोकळी हवी, म्हणून घरचे कपडे आता गच्चीवर वाळतात. त्यावर घरातली मंडळी काय म्हणतात, ते आकाशवाणीवर सांगण्यासारखं नाही.

नमस्कार.