घर बदलताना: वीज, गॅस आणि इंटरनेट

नमस्कार श्रोतेहो.

मे महिना संपत आला की रस्त्यावर सामानाचे टेम्पो दिसायला लागतात. मागे गाद्यांच्या गुंडाळ्या, त्यांच्यावर उलटं टाकलेलं टेबल, आणि ड्रायव्हरशेजारी मांडीवर देवघर घेऊन बसलेल्या घरातल्या आजी. शाळा सुरू व्हायच्या आत नव्या घरात पोचायचं असतं. भांडी किती, पुस्तकांचे खोके किती, याची यादी आपण आठवडाभर आधी करतो. पण त्या घरात दिवा लागेल का, गॅस पेटेल का, हे मात्र टेम्पो दारात उभा राहिल्यावर सुचतं. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

माझ्याच घरची गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी जूनमध्ये आम्ही भाड्याच्या नव्या घरात गेलो. तिसऱ्या दिवशी दुपारी पंखा थांबला. वाटलं, लाईट गेली. खिडकीतून पाहिलं तर समोरच्या घरात टीव्ही चालू. खाली गेले, तर मीटरपाशी लाईनमन उभा. दोन बिलं थकली होती. बिल घरमालकाच्या नावावर, वीज वापरली आधीच्या भाडेकरूनं, आणि अंधारात बसायची वेळ आली आमच्यावर. माझ्या आईला दमा आहे, रात्री नेब्युलायझर लागतो. त्या संध्याकाळी तिला शेजारच्या काकूंकडे नेऊन बसवलं. ओळख होऊन जेमतेम दोन दिवस झाले होते, पण काकूंनी तिची गादीसुद्धा घातली.

लाईनमनची काही चूक नव्हती. वीजपुरवठा तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते, असं २००३ चा वीज कायदा सांगतो. ती दिलेलीही होती. गेली होती घरमालकाच्या मोबाईलवर, आणि त्यांनी ती उघडलीच नव्हती.

तेव्हापासून मी मनाशी एक हिशेब पक्का केलाय. वीज जागेची असते, गॅस माणसाचा असतो आणि इंटरनेट तारेचं असतं. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, म्हणून प्रत्येकाची तयारीही वेगळी.

वीज जागेची, म्हणजे माणूस निघून गेला तरी थकबाकी त्याच्याबरोबर जात नाही. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळातल्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं की नियमांत तरतूद असेल तर आधीच्या मालकाची थकबाकी नव्या मालकाकडे मागता येते. आपल्या महाराष्ट्राच्या नियमांत ती तरतूद आहे. म्हणून टोकनचे पैसे देण्याआधी विजेचा ग्राहक क्रमांक मागून घ्या. महावितरणचा हा क्रमांक बारा आकडी असतो. तो घातला की वेबसाईटवर किंवा ॲपवर चालू बिल आणि बाकी दिसते. घरमालक भला माणूस असला तरी हे स्वतः पाहा, त्यात संकोच कसला? मुंबईकरांनी आधी आपली वीज कुणाची ते पाहावं. शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, आणि भांडुप-मुलुंडकडे पुन्हा महावितरण.

घर विकत घेतलं असेल तर मीटर आपल्या नावावर करायचं काम लांबणीवर टाकू नका. सुरक्षा ठेव म्हणून सरासरी महिन्याच्या बिलाच्या दुप्पट रक्कम कंपनीकडे असते, तिच्यावर व्याजही मिळतं. ती ठेव आधीच्या मालकाच्या नावावर असते, आणि ती तुमच्याकडे वर्ग करायला त्यांच्या संमतीची सही लागते. एकदा व्यवहार पुरा झाला आणि ते दुसऱ्या गावी राहायला गेले की त्या एका सहीसाठी किती खेटे घालावे लागतात, हे ज्यांनी घातलेत त्यांना विचारा. खरेदीखताच्याच दिवशी, निबंधक कार्यालयाच्या बाकावर नंबर यायची वाट बघत बसलेले असता ना, तेव्हाच सही घेऊन टाका. भाडेकरूला नाव बदलायची गरज नाही. त्यानं बिलाचे मेसेज आपल्याही फोनवर येतील एवढं घरमालकाकडून करून घ्यावं. आमच्याकडे तेवढं झालं असतं तर आईला ती संध्याकाळ काढावी लागली नसती.

किल्ली हातात आली की पहिलं काम मीटरचा फोटो. इथे एक बारकावा आहे. आताच्या मीटरवर एकच आकडा स्थिर नसतो. तारीख येते, वेळ येते, व्होल्टेज येतं, मग कधीतरी युनिट येतात. ज्या आकड्याशेजारी केडब्ल्यूएच अशी अक्षरं दिसतील, तोच आपल्या कामाचा. घाईत काढलेल्या फोटोत दोनशे चाळीस असा व्होल्टेजचा आकडा येतो आणि पुढे वाद झाला तर त्या फोटोचा काहीच उपयोग होत नाही. थोडं थांबा. मीटरचा नंबरही त्याच फोटोत येऊ द्या.

भाड्यानं जाणाऱ्यांसाठी अजून एक. करार नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी सक्तीची आहे, आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. गॅस एजन्सी काय, इंटरनेटवाले काय, पत्त्याचा पुरावा म्हणून हाच कागद मागतात.

आता गॅस. सिलिंडरचं कनेक्शन माणसाच्या नावावर असतं, ते तुमच्याबरोबर येतं. त्याच गावात, त्याच एजन्सीच्या हद्दीत असाल तर फक्त पत्ता बदला. गाव बदललं तर सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीत जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्यायचं आणि नव्या गावी दाखवायचं. शेगडी आपल्याकडेच राहते. एक गोष्ट आधीच ठाऊक असू द्या. परत मिळते ती कनेक्शन घेताना मिळालेल्या जुन्या कागदावरची अनामत, आणि नव्या ठिकाणी भरायची ती आजच्या दरानं. जून २०२२ मध्ये १४.२ किलोच्या सिलिंडरची अनामत १४५० वरून २२०० रुपये झाली, रेग्युलेटरची १५० वरून २५०. म्हणून तो जुना कागद रद्दीत टाकू नका. पाईपच्या गॅसचं तसं नाही. पुण्यात एमएनजीएल असो की मुंबईत महानगर गॅस, मीटर तिथल्या भिंतीवरच राहतो, म्हणजे हिशेब विजेसारखाच. नव्या घरात शेगडी जोडली की जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघा. काडी पेटवून कधीही पाहू नका. सिलिंडरच्या गॅसची गळती वाटली तर १९०६ हा आणीबाणीचा नंबर आहे.

पाण्याचं एवढंच. घर बघायला गेलात की महापालिकेचं पाणी किती वाजता येतं आणि टँकरचा खर्च कुणी द्यायचा, हे सोसायटीच्या वॉचमनला विचारा. घरमालकापेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

आणि इंटरनेट. मोबाईलचा नंबर २०११ पासून देशभर कंपनी बदलूनही तोच ठेवता येतो, त्यामुळे घरचं इंटरनेटही तसंच बरोबर येईल असं आपण धरून चालतो. पण ते तारेचं आहे. नव्या इमारतीत तुमच्या कंपनीची फायबर पोचलीच नसेल तर तुमचा वर्षभराचा प्लॅन तिथे निरुपयोगी. आमच्या ओळखीतल्या एका मुलीनं घर सोडण्याच्या महिनाभर आधी बारा महिन्यांचे पैसे भरले, कारण सवलत चांगली होती. नव्या इमारतीत ती कंपनी नव्हती आणि पैसे परत मिळाले नाहीत. घरून काम करणारी मुलगी, आठवडाभर मोबाईलच्या डेटावर मीटिंगा. तेव्हा घर बदलायचं ठरत असेल तर प्लॅन महिन्या-महिन्याचा ठेवा, आणि जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यांना विचारा, पावसात तुमचं नेट चालतं का?

फायबर जोडायला मुलगा येईल तेव्हा त्याच्याजवळ थोडा वेळ बसा. वरचं आवरण सोलून तो आतली काच काढतो, केसाएवढी बारीक. स्पिरिटच्या कापसानं पुसतो, दोन टोकं यंत्रात समोरासमोर ठेवतो. छोट्या पडद्यावर ती जवळ येतात, एक ठिणगी पडते आणि दोन्हीची एक तार होते. मग तो तारेतून येणारा प्रकाश मोजणारा पॉवर मीटर लावतो. तो आकडा विचारून घ्या. उणे वीसच्या आसपास असेल तर उत्तम. उणे सत्तावीसकडे झुकला असेल तर त्याला तिथेच थांबवा आणि जोड पुन्हा करायला लावा, नाहीतर राउटरचा लाल दिवा बघत बसावं लागेल. तार कोपऱ्यात काटकोनात वाकवू देऊ नका, आतली काच तुटते. लाईट गेल्यावरही नेट हवं असेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस घ्या.

जुनं घर सोडताना राउटर परत केल्याची पावती घ्या, आणि मीटरचा शेवटचा फोटो घरमालकांना त्याच दिवशी पाठवा.

आम्ही ते घर सोडलं तेव्हा आईनं स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला. तिच्या ठसठशीत अक्षरात. विजेचा ग्राहक क्रमांक, बिल भरल्याची तारीख, पाणी सकाळी साडेसहाला, फायबरवाल्या मुलाचा नंबर. आणि खाली एक ओळ: शेजारच्या काकू फार चांगल्या आहेत.

नमस्कार.