आधी खोली, मग खरेदी

(रिकामी खोली. मधोमध उभं राहून कोणीतरी एकदा टाळी वाजवतं.)

ऐकलंत? टाळी एकच होती, पण तिच्या पाठोपाठ एक बारीक झणझण आली. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींनी तो आवाज चेंडूसारखा एकमेकींकडे टोलवला. याच खोलीत होम थिएटर उभं राहणार आहे. अजून एकही वस्तू विकत आणलेली नाही, आणि तेच बरं आहे. कारण सिनेमा बघताना कानावर जे पडतं, त्यात स्पीकरइतकाच खोलीचाही वाटा असतो. खर्जातल्या आवाजांच्या बाबतीत तर खोलीचाच जास्त.

खोली पाच मीटर लांब, चार मीटर रुंद. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. म्हणजे छातीत धडधडणाऱ्या 40 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 40 कंपनांच्या, खर्जाची एकच लाट होते साडेआठ मीटरची. ती या खोलीत मावतच नाही. भिंतीवर आदळते, मागे फिरते आणि समोरून येणाऱ्या लाटेत मिसळते. कुठे दोघी मिळून आवाज फुगवतात, कुठे एकमेकींना खाऊन टाकतात. पाच मीटरच्या लांबीत हे सगळ्यात आधी घडतं ते 34 हर्ट्झच्या आसपास. त्या आवाजाला भिंतीलगत नुसता घुमारा आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ शांतता.

म्हणून पहिला निर्णय बसण्याच्या जागेचा. सोफा मागच्या भिंतीला टेकवायचा मोह आवरायला हवा, आणि तो खोलीच्या मध्यावरही नको. समोरच्या भिंतीपासून दोन-तृतीयांश अंतरावर, म्हणजे 3.3 मीटरवर, जमिनीवर खडूनं खूण करू.

(खडूची रेघ. तिथून समोरच्या भिंतीपर्यंत टेप ताणली जाते.)

पडद्याचं माप आता या रेघेवरूनच निघेल. 16:9 आकाराचा 100 इंची पडदा (हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं घेतात) 2.21 मीटर रुंद असतो. इथून बघताना तो नजरेचा 37 अंशांचा कोन व्यापतो. सिनेमासाठी 30 ते 40 अंश हे सर्वमान्य माप आहे, तेव्हा 100 इंच पुरे. याहून मोठा पडदा घ्यायचा आणि मग मान फिरवत बसायचं, यात सुख नाही.

आता प्रकाश. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. तो फक्त प्रकाश फेकतो. चित्रातली काळी रात्र म्हणजे पडद्याचा तेवढाच भाग, जिथे प्रकाश कमीत कमी पोचला. छत पांढरं असेल तर उजळ दृश्याचा प्रकाश छतावरून परत पडद्यावर येतो आणि ती रात्र राखाडी होते. त्यामुळे निदान पडद्याजवळचं छत आणि बाजूच्या भिंती गडद, बिनचमकेच्या रंगात असाव्यात. प्रोजेक्टर बदलण्याआधी रंगाचा डबा आणावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. प्रोजेक्टर बसवतानाही तो पडद्याच्या मध्यरेषेवरच बसवा. तिरका लावून चित्र प्रोजेक्टरच्या मेनूतून सरळ केलं, तर त्याच्या आतल्या, चित्र तयार करणाऱ्या पॅनेलवरचे काही पिक्सेल वाया जातात.

स्पीकरची मांडणी सोपी आहे. 5.1 म्हणजे पुढे तीन, मागे-बाजूला दोन (हे सराउंड) आणि एक सबवूफर, म्हणजे फक्त खर्जासाठीचा स्पीकर. सोफ्यावरून बघता डावा-उजवा स्पीकर मधल्या रेषेपासून 22 ते 30 अंशांवर, सराउंड साधारण 110 अंशांवर. बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. तो कपाटात कोंबला, की बोललेलं कळत नाही म्हणून आवाज वाढवा आणि स्फोट झाला की घाईनं कमी करा, हे रोजचं होऊन बसतं.

(भिंतीलगत आरसा हळूहळू सरकतो आहे. सोफ्यावर बसलेली व्यक्ती त्यात बघते.)

आता हा आरसा बघा. एक जण तो भिंतीवरून कानाच्या उंचीला सरकवतो आहे. बसलेल्याला जिथे आरशात स्पीकर दिसला, तिथे पेन्सिलची खूण. आवाजाचं पहिलं परावर्तन तिथूनच येतं. या खोलीत ते थेट आवाजाच्या मागून जेमतेम दोन मिलिसेकंदांत पोचतं. वेगळा प्रतिध्वनी ऐकू येत नाही, पण संवादाची धार बोथट होते. खनिज लोकर भरलेलं, कापड लावलेलं पॅनेल लावायचं ते याच खुणेवर. दोन-तीन सेंटीमीटरचा फोम वरच्या पट्टीतलाच आवाज शोषतो, खर्जाला तो काही करत नाही. शेजारच्या खोलीत जाणारा आवाजही त्यानं थांबत नाही. त्यासाठी वजनदार भिंत आणि फटी बुजवलेलं दार लागतं.

सबवूफरची जागा शोधायची पद्धत उलटी आहे. सबवूफर सोफ्याच्या जागी ठेवायचा, एकाच लयीचा खर्ज वाजवायचा आणि आपण भिंतीकडेनं गुडघ्यांवर फिरायचं, कान जमिनीजवळ. एका ठिकाणी आवाज नुसता घुमतो, दोन पावलांवर विरतो आणि पुढे कुठेतरी प्रत्येक सूर वेगळा, सारख्याच जोरानं ऐकू येतो. सबवूफर तिथे. साधारण 80 हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो, हे कानाला नीट ओळखता येत नाही, म्हणून ही मोकळीक मिळते.

वायरिंग प्लास्टरच्या आधी, आणि रुंद पाइपमधून. चित्र आणि आवाज नेणारी एचडीएमआयची केबल पुढेमागे बदलावीच लागते. लांब अंतरासाठी ऑप्टिकल केबल घेतली, तर तिला दिशा असते. कोणतं टोक रिसिव्हरला (सगळे स्पीकर चालवणाऱ्या यंत्राला) आणि कोणतं प्रोजेक्टरला, हे पाइपमध्ये ओढण्याआधी बघा.

शेवटचं काम रिसिव्हरसोबत आलेल्या मायक्रोफोनचं. तो सोफ्यावर डोक्याच्या जागी, स्टँडवर ठेवायचा, पंखा बंद करायचा आणि मोजणी होईपर्यंत बाहेर थांबायचं. प्रत्येक स्पीकरचं अंतर आणि पातळी रिसिव्हर स्वतः लावतो. ही मोजणी खिडक्यांचे पडदे, गालिचा, पॅनेल सगळं जागेवर आल्यावरच करा आणि सोफा हलवला की पुन्हा करा.